पायडलवरचं इंग्रजी

३ मार्च, सोमवार

आज दुकानात माझी अशी फजिती झाली की ती लिहून काढल्याशिवाय मला घास गिळवणार नाही.

संगीतशाळेतले जुने पियानो सुरात लावायला बाहेरून एक कारागीर आलाय. उंच, पिकल्या केसांचा, वयानं माझ्याच बरोबरीचा असेल. कान मात्र चांगलेच मोठे. कोटाचं अस्तर फाटलं म्हणून आला. त्याला इंग्रजीशिवाय दुसरं काही येत नाही. मी म्हटलं, त्यात काय, इंग्रजी मलाही येतं! दोऱ्याच्या रिळांवरची लेबलं आणि कापडाचे कॅटलॉग वाचून वाचून मी ते आपलं आपण शिकलेय. शिवणही अशीच शिकले. दुसऱ्यानं शिवलेलं उसवायचं, आतून बघायचं, पुन्हा शिवायचं. तर मी ताठ उभी राहिले आणि म्हणाले, "युवर कोट विल बी रेडी ऑन थर्सडे." एकेक अक्षर ठणठणीत.

तो वाकला, कान पुढे केला. "सॉरी?"

मी पुन्हा म्हटलं. पुन्हा "सॉरी?" मग मी एवढ्यांदा ओरडले की शेजारच्या चष्म्याच्या दुकानातल्या वहिनी धावत आल्या, त्यांना वाटलं दुकानात चोर शिरला. शेवटी भिंतीवरच्या कॅलेंडरवर बोट ठेवलं तेव्हा तो हसला. हसताना डोळे अगदी मिटतात त्याचे. मग तो नळ सोडल्यासारखं काहीतरी भडाभडा बोलला आणि त्यातलं मला फक्त "कोट" कळलं. तेही कोट माझ्या हातात होता म्हणून.

संध्याकाळी भाचीला सांगितलं, तर ती हसून हसून पलंगावर आडवी. सख्ख्या मावशीला हसते कार्टी.

५ मार्च, बुधवार

भाची माझ्याकडेच राहते आणि कॉल सेंटरमध्ये नव्या मुलामुलींना फोनवर बोलायला शिकवते. हसून झाल्यावर तिला माझी दया आली असावी. म्हणाली, "मावशी, तुझं इंग्रजी चुकीचं नाहीये. त्याला चाल नाहीये."

"चाल म्हणजे?"

"आपल्याकडे कसं, प्रत्येक अक्षराला बसायला खुर्ची मिळते. इंग्रजीत खुर्च्या कमी. मोठे शब्द खुर्चीत बसतात आणि बारके शब्द त्यांच्या मांडीवर. तू सगळ्यांना खुर्च्या देतेस, मग ऐकणाऱ्याला कळत नाही घरातला कर्ता माणूस कोण."

मला फार पटलं हे. मग तिनं मला टाळ्या वाजवायला लावल्या. आधी म्हण "बटन्स, फिट, कोट्स". प्रत्येक शब्दाला टाळी. मग म्हण "द बटन्स विल फिट द कोट्स". टाळ्या तेवढ्याच! पुढे म्हणे "द बटन्स विल बी फिटिंग द कोट्स". आता शब्द केवढे वाढले, तरी टाळ्या वाढवायच्या नाहीत. म्हणजे मधल्या चिल्ल्यापिल्ल्यांनी अंग चोरून पळायचं.

मी म्हटलं, "अगं पण त्यांचा उच्चार कोण करणार?"

"कुणी नाही. गिळायचे."

"शब्द गिळायचे? माझ्या आईनं मला स्पष्ट बोलायला शिकवलं."

"आजीला पियानोवाल्याशी बोलायचं नव्हतं, मावशी."

आगाऊ. मलाही पियानोवाल्याशी बोलायचं नाहीये. मला गिऱ्हाइकाशी बोलायचंय.

मग "कप ऑफ टी" आलं. ते म्हणायचं "कपटी", शेवटच्या "टी"वर भार देऊन. मी आयुष्यात कुणाला कपटी म्हणाले नाही, आता चहा पाजताना म्हणायचं!

७ मार्च, शुक्रवार

काल गुरुवार होता. तो आला, अस्तर बघितलं, खूश झाला. पण बाही मलाच पसंत पडली नाही. खांद्याजवळ जरा ओढ बसत होती. मी कोट परत ठेवून घेतला. खुणेनंच सांगितलं, मंगळवारी ये. इंग्रजी तोंडाशी आलं आणि तिथेच चिकटलं. टाळ्या वाजवायला हात मोकळे नव्हते.

९ मार्च, रविवार

सापडलं! सापडलं! मला एवढा आनंद झालाय की मघाशी गॅसवर पातेलं ठेवलं आणि त्यात दूध घालायचंच विसरले.

सकाळी दुकान बंद ठेवून मशीनवर पडदे शिवत बसले होते. सरळ लांब टीप, काही विचार करायला नको. तोंडानं आपलं "द बटन्स विल फिट" चाललं होतं. आणि काय सांगू, पायडल खाली गेलं की "बटन्स", वर येऊन पुन्हा खाली गेलं की "फिट", आणि मधे चाक आपसूक फिरतं ना, त्या फिरण्यात सगळी पिल्लं निघून गेली! मला काही गिळावं लागलं नाही. पाय दाबायचा तो मोठ्या शब्दाला. बाकीचं चाक बघून घेतं.

जिना चढून भाचीला उठवलं, खाली ओढत आणलं. मशीनवर बसून म्हणून दाखवलं. ती डोळे चोळत होती ती एकदम जागी झाली. "मावशी! पुन्हा म्हण!" मी पुन्हा म्हटलं. "आता उभी राहून म्हण." उभी राहून म्हटलं. पुन्हा सगळ्यांना खुर्च्या.

"बस," ती म्हणाली. बसले. पाय मारला. उत्तम.

"ऊठ." उठले. बोंब.

आम्ही दोघी एवढ्या हसलो की मला उचकी लागली. म्हणजे माझं इंग्रजी माझ्या पायात आहे! असू दे. लोकांचं कुठे असतं देव जाणे.

११ मार्च, मंगळवार

तो आला तेव्हा मी मशीनवरच बसून राहिले. उठलेच नाही. पायडल सुरू ठेवलं आणि म्हणाले, "गुड मॉर्निंग, हाऊ आर द पियानोज?"

त्यानं लगेच उत्तर दिलं! "सॉरी" नाही, कान पुढे करणं नाही. जणू मी कायमचीच अशी बोलत आलेय. म्हणाला, तीन शहाणे आहेत आणि कोपऱ्यातल्या हॉलमधला एक हट्टी आहे. मला कळलं! मोठे शब्द तेवढे ऐकायचे, बारके जाऊ द्यायचे, हे ऐकतानाही चालतं. मग मी विचारलं "कपटी?" आणि तो म्हणाला "येस, प्लीज." चहा करायला उठले तेव्हा जीभ पुन्हा लाकडाची झाली, पण साखर खुणेनं विचारता येते.

चहा पिताना त्यानं मशीनला कान लावला. म्हणाला, हिचं चाक गुणगुणतं. कुठलासा स्क्रू पिळला आणि मशीन अशी चालायला लागली की लोण्यातून सुई. हात चांगला आहे माणसाचा.

कोट घालून बघितला. खांदा बसला, पण आता मनगटाशी बाही जरा लांब वाटली. मला वाटली. त्याला नाही वाटली. मी उसवून ठेवली.

१२ मार्च, बुधवार

तो आला नाही. गिऱ्हाईकच ते, रोज कशाला येईल? भाजीत मीठ दोनदा पडलं.

१५ मार्च, शनिवार

संगीतशाळेचा शिपाई गणवेशाची पँट आखूड करायला आला होता. त्याच्याकडून कळलं की कोपऱ्यातला पियानो पुन्हा बेसूर झाला. म्हणाला, "संध्याकाळी ठणठणीत असतो हो बाई. सकाळी हे पियानोवाले साहेब एकटे आत जातात, झाकण उघडतात, आणि बाहेर येऊन मान हलवतात. झालं, पुन्हा पहिल्यापासून."

मला वाईट वाटलं. माणूस लाख चांगला, पण कामात कच्चा दिसतो. कान असून काय उपयोग, तारेचा सूर टिकायला नको? भाचीला सांगितलं तर ती माझ्याकडे बघतच राहिली.

"मावशी, त्याचा पियानो पुन्हा पुन्हा बिघडतोय."

"हो ना गं. बिचारा."

"आणि तुझी बाही पुन्हा पुन्हा बिघडतेय."

"मग? कारागिराचे दिवस सारखे नसतात."

ती तोंडात ओढणी कोंबून खोलीबाहेर पळाली. काय झालं होतं तिला कोण जाणे. कामाचा ताण असतो या मुलींना.

१८ मार्च, मंगळवार

आज जे झालं ते कुणाला सांगण्यासारखं नाही.

तो दुपारी आला आणि स्टुलावर बसला. मी बाही शिवायला घेतली आणि बोलणं सुरू झालं. लहानपणी घरात पियानो नव्हता म्हणून तो टेबलाच्या कडेवर बोटं चालवायचा. सगळा जन्म गावोगावी लोकांचे पियानो लावण्यात गेला, आणि मुक्काम हलला की दर वेळी दोनच पेट्या, एक हत्यारांची आणि एक कपड्यांची. मी त्याला सांगितलं की नवरा गेल्यानंतर मी शेजाऱ्यांचे जुने कपडे मागून आणायचे, उसवायचे, आणि त्यांचं पोट बघून शिवण शिकायचे. हे एवढं मी इंग्रजीत सांगितलं! पायडल नुसतं धावत होतं. चुकलं तरी थांबले नाही. तो हसायचा तिथे हसत होता आणि गप्प व्हायचा तिथे गप्प होत होता. म्हणजे वजन बरोबर पडत होतं.

मग मी दोरा तोडला आणि म्हटलं, "ट्राय."

त्यानं हात घातला. हात कोपराच्या पुढे गेला आणि थांबला. त्यानं जोर केला. मी बाहेरून ओढलं. बाहीच्या टोकाला हाताची चाहूलच नाही! बोलण्याच्या नादात मी बाहीचं तोंड आडवी टीप मारून पक्कं बंद करून टाकलं होतं. पिशवीसारखं. आत त्याची बोटं वळवळताहेत, बाहेर मी धरून उभी. आधी त्याचे डोळे मिटले, मग माझे. वहिनी पुन्हा धावत आल्या. आम्हाला दोघांना जमिनीवर बसून डोळे पुसताना बघून म्हणाल्या, "कुणी गेलं का?"

एवढं मी कधी हसले होते? आठवत नाही.

२० मार्च, गुरुवार

वहिनींनी बाजूला घेऊन विचारलं, "तुमच्या पायाला काय झालंय? परवा रांगेत उभ्या होतात तेव्हा उजवा पाय सारखा हलत होता. डॉक्टरला दाखवा." मी म्हटलं, इंग्रजी आहे ते. त्यांनी माझ्याकडे फार काळजीनं बघितलं.

२३ मार्च, रविवार

भाचीशी भांडण झालं. तिनं तोंडावर विचारलं, "मावशी, तू बाही मुद्दाम उसवतेस ना?"

मला असा राग आला! मी म्हटलं, "मी? मी गिऱ्हाइकाचं काम मुद्दाम बिघडवीन? उभ्या आयुष्यात केलं नाही."

"तेच म्हणतेय. उभ्या आयुष्यात केलं नाहीस."

"उद्धट आहेस."

"आहे. पण आंधळी नाही." मग जवळ येऊन बसली आणि माझ्या खांद्यावर डोकं ठेवलं. "तो किती दिवस आहे इथे, विचारलंस का?"

विचारलं नाही. का विचारलं नाही? तो आला की एवढं बोलते. "हाऊ लाँग विल यू स्टे" काही अवघड नाही, पायडलवर तर सरळ टीप आहे. आता लिहिताना लक्षात येतंय की हे वाक्य मी एकदाही म्हणून बघितलेलं नाही.

२६ मार्च, बुधवार

शनिवारी चाललाय तो.

शिपायानं सांगितलं. संगीतशाळेच्या मुख्याध्यापिका वैतागल्या, म्हणाल्या, पुरे झालं, हॉलमधला पियानो आहे तसा राहू द्या. पुढच्या शहरातल्या नाट्यगृहाचे फोनवर फोन येताहेत, तिथे त्याची वाट बघताहेत. शनिवारी दुपारची गाडी. कोट तेवढा घेऊन जाणार.

ठीक आहे. माणसं कामाला येतात, काम झालं की जातात. मी कोट शिवायला घेतला आणि न उसवता, न बोलता पुरा केला. बाही पहिल्याच खेपेला बसली. बसायचीच. तिच्यात काही खोट नव्हतीच मुळी.

हे वाक्य मी लिहिलं आणि आता बघत बसलेय त्याच्याकडे.

२८ मार्च, शुक्रवार

भाचीनं उद्याची तयारी करून घेतली. उद्या मी मशीनमागे लपणार नाही, आरशाजवळ उभी राहून बोलणार, असं ठरवलं. वाक्य एकच. "द कोट इज रेडी."

"वजन 'रेडी'वर," ती म्हणाली. "बाकी सगळं उतारावरून घरंगळत येऊ दे."

म्हटलं. सपाट आलं. पुन्हा म्हटलं. सपाट. पाय हलवून बघितला, मशीनवर बसून बघितलं. मशीनवरसुद्धा सपाट! असं आजवर झालं नव्हतं. चाक फिरतंय, पाय पडतोय, आणि "रेडी" म्हणजे ओलं फडकं.

भाचीनं मशीनच्या चाकावर हात ठेवून ते थांबवलं. "मावशी, तुला बोलता येतंय. हे वाक्य तुला नकोय. दुसरं शिवू या का?"

"नको. गिऱ्हाईक आहे तो."

"बरं," ती म्हणाली, आणि आज पहिल्यांदा हसली नाही.

मी काही लहान नाही. मला काय वाटतंय ते मला कळायला हवं होतं. पण या वयात हे असलं काही होत असेल असं कुणी सांगितलंच नव्हतं. आणि समजा कळलं, तरी सांगायचं कसं? चुकलं तर तो हसेल, डोळे मिटून, आणि गाडीत बसेल. नाही हसला तर त्याहून वाईट.

२९ मार्च, शनिवार

उभ्यानंच लिहितेय. बसवत नाहीये.

तो आला. पेट्या दाराशी ठेवल्या, दोन्ही. आरशासमोर उभा राहिला आणि मी मागून कोट धरला. एक हात गेला, दुसरा गेला. खांदा बसला. बाही मनगटाच्या हाडाशी येऊन थांबली. पाठीवर एक सुरकुती नाही. माझ्या हातून इतका चांगला कोट कधी झाला नव्हता, आणि मला तो फाडून टाकावासा वाटला.

मी तोंडात टाचण्या धरून उभी होते. कशाला धरल्या होत्या? टाचायला काही उरलंच नव्हतं. मशीन दुकानाच्या त्या टोकाला, मी या टोकाला, पाय जमिनीला खिळलेले.

त्यानं आरशातूनच विचारलं, "सो?"

टाचण्या काढल्या. हातात धरल्या. "द कोट इज," मी म्हणाले. इथवर नीट आले. पुढे तोंडात "रेडी" तयार होतं, भाचीनं घासूनपुसून दिलेलं. आणि त्याच्या आधी, कुणी न बोलावता, "नॉट" आलं. नॉट रेडी! असं पडलं ते की माझ्या हातातल्या टाचण्या फरशीवर सांडल्या. पाय हलला नव्हता. चाक फिरलं नव्हतं. बारके शब्द कुठल्या कुठे पळून गेले आणि सगळं वजन त्या एकट्या शब्दावर.

तो आरशात बघत राहिला. खांदा बघितला, बाही बघितली, बटन लावून काढलं. मग वळला आणि हळूच म्हणाला, "व्हॉट इज नॉट रेडी?"

आता काय सांगू? काज म्हणू? कॉलर म्हणू? इंग्रजी जेवढं होतं तेवढं त्या एका शब्दात खर्च झालं होतं.

"मी," मी म्हणाले. चक्क आपल्या भाषेत. "मी नाही तयार."

त्याला आपली भाषा येत नाही. शब्द कळायचं काही कारण नव्हतं. पण त्या कानांचं कामच ते आहे, वजन कुठे पडलं ते बघणं.

त्यानं कोट काढला. आधी एक बाही, मग दुसरी. घडी नाही केली, पेटीत नाही ठेवला. माझ्या खुंटीवर अडकवला, ज्यांचं काम चालू आहे त्या कपड्यांच्या रांगेत. मग स्टुलावर बसला, खिशातून पियानोच्या तारा पिळायची किल्ली काढून टेबलावर ठेवली आणि सांगितलं. सावकाश सांगितलं, मला कळावं म्हणून. रोज संध्याकाळी तो हॉलमधला पियानो लावायचा. आणि रोज सकाळी आत जाऊन एक तार सैल करायचा. "एव्हरी मॉर्निंग," तो म्हणाला आणि त्याचे कान लाल झाले.

मला कळायला वेळ लागला. मग कळलं. मी या माणसाला कच्चा कारागीर समजत होते! मी तोंडावर हात धरून बसकणच मारली, सांडलेल्या टाचण्यांवर, आणि तितक्याच वेगानं किंचाळत उठले. तेव्हापासून उभी आहे.

माझ्या दुकानातूनच त्यानं नाट्यगृहाला फोन लावला. फोनवरचं सगळं मला कळलं, नळ सोडला होता तरी. येता येणार नाही म्हणाला. कोट शिवायला टाकलाय आणि इथली टेलर फार म्हणजे फार सावकाश काम करते म्हणाला. लबाड! खुंटीवर कोट टांगलेला आणि माझ्याकडे बघत सांगतोय.

वहिनींना आरडाओरडा ऐकू आला असेल, पण या वेळी त्या आल्या नाहीत. भाची आली. कामावरून पळत आली होती, दम लागला होता, चेहरा असा की आता आपल्याला मावशीला सावरायचंय. दारात तिला पेट्या दिसल्या, मग तो दिसला, मग खुंटीवरचा कोट. तिनं कोटाकडे बोट केलं आणि विचारलं, "काय गं मावशी, झाला का?"

आणि आम्ही दोघं एकदम बोललो. ठरवलं नव्हतं, बघितलंही नव्हतं एकमेकांकडे.

"नॉट रेडी!"

एका दमात, एका ठेक्यात, आणि दोघांचंही वजन एकाच शब्दावर.